ड्रायव्हरच्या बाजूचा खांदा

बद्रीनाथरावांची मान एका मंगळवारी सकाळी डावीकडे कलली ती कललीच. दुपारपर्यंत तिचा इलाज अख्ख्या गल्लीला ठाऊक झाला होता. फक्त मानेला तेवढा पत्ता नव्हता.

तसं बघायला गेलं तर यात नवल काही नाही. केजच्या एसटी स्टँडवर सारी नोकरी त्यांनी कंट्रोलर म्हणून काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगायचं, आणि वेळ झाली की ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन हात वर करायचा. हात वर झाला की गाडी सुटली. त्यांच्या खोलीची खिडकी डाव्या हाताला होती. हॉर्न वाजला की तोंड माईकपाशी आणि मान डावीकडे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लांब कुठं हॉर्न वाजला की भाकरीचा घास हातात ठेवून मान आपली वळायची. सत्यभामाबाई म्हणायच्या, "अहो, जेवा. ती गाडी तुमच्याबिगर बी सुटल." शेवटी एक दिवस मानेनंच संप पुकारला.

आता मान वाकडी झालेली माणसं काय केजमध्ये कमी आहेत? वाकड्या मानेनं बाजार करता येतो, लग्नाच्या पंगतीत जेवता येतं, पुढाऱ्याच्या सभेत बसता येतं. पण बद्रीनाथरावांना मान सरळ हवी होती, लवकर हवी होती, आणि त्याचं कारण युसूफ वडगाव या जवळच्या गावी रस्त्याकडेच्या घरात खाटेवर पडलेलं होतं. त्या कारणाचं नाव बंकट.

बंकट म्हणजे एसटीचा ड्रायव्हर आणि बद्रीनाथरावांचा जिवाचा दोस्त. पोटाच्या दुखण्यानं त्याला धरलं. मोठ्या दवाखान्यात महिनाभर ठेवून डॉक्टरांनी "घरी न्या, सेवा करा" म्हणून सांगितलं. "सेवा करा" म्हणजे काय, ते आपल्याकडे न सांगता सगळ्यांना कळतं. बंकटलाही कळलं होतं. बद्रीनाथराव वाकडी मान घेऊन त्याला भेटायला गेले, तर त्यानं तब्येतीचं बोलायच्या आत कामाचं बोलायला घेतलं.

"बद्री, आदिनाथ मपला एकुलता एक. त्यो विस्तवाचं गाडगं घेऊन म्होरं चालणार. म्हंजी पोराचा खांदा काय मला मिळत न्हाई. तर म्होरला उजवा खांदा तुपला. ड्रायव्हरच्या खिडकीची बाजू. सारी उमर तिथंच येऊन हुबा राह्यलास, आता कावून बाजू बदलायची?"

"गप बे. काय अभद्र बोलायलास."

"आन् मान आशी कावून धरलीस?"

"आखडलीय जराशी."

बंकटनं त्यांना उभं राहायला लावलं, वळायला लावलं, आणि गाडी बाहेर काढण्याआधी टायर बघावेत तसं नीट बघून घेतलं. मग हताश होऊन उशीवर पडला. तिरडीच्या उजव्या बाजूला उभं राहिलं की बांबू डाव्या खांद्यावर येतो, आणि बद्रीनाथरावांच्या डाव्या खांद्यावर तर त्यांचं स्वतःचंच डोकं येऊन बसलेलं.

"बांबू कुठं ठिवणार बे? डोस्क्यावर?"

"दुसऱ्या बाजूनं धरतो की."

"त्या बाजूला तानाजी, मपला पुतण्या. त्याला सांगून ठिवलंय." बंकट दम खायला थांबला. "हे बघ, उभ्या जिंदगीत मी गाडी कलंडू दिली न्हाई. घाटात न्हाई, पुराच्या पाण्यात न्हाई. आन् शेवटची गाडी तू कलंडवणार? न्हाई जमायचं. मान सरळ करून ये. तवर मी थांबतो. तू हात केल्याबिगर मी कंदी गाडी काढलीय का?"

चहा घेऊन आलेल्या भिवराबाई, म्हणजे बंकटची बायको, दारातच थबकल्या आणि पदर तोंडाला लावून माघारी गेल्या. चहा थंड झाला.

परतीच्या जीपमध्ये बद्रीनाथरावांचं डोकं आपोआप शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर टेकलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा झोपला. केज येईपर्यंत त्यानं खांदा हलवला नाही. म्हातारा जागा होता आणि त्या माणसाचा सदरा भिजवत होता.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. शेजारच्या वत्सलाबाईंनी उशी काढून टाकायला सांगितली. समोरच्या गहिनीनाथरावांनी दोन उशा घ्यायला सांगितल्या. गहिनीनाथराव निवृत्त तलाठी, त्यामुळे त्यांना मोजणीपासून मणक्यापर्यंत सगळंच कळतं. दोघांचंही मन राखायचं म्हणून बद्रीनाथराव अर्धी रात्र बिनउशीचे झोपले आणि अर्धी रात्र दोन उशांवर. मग आसाराम न्हाव्यानं दाढी करता करता "एका झटक्यात मोकळी करतो, कंट्रोलर साहेब" म्हणून हनुवटी धरली आणि झटका दिला. करकन असा आवाज आला की बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनी वाहवा केली. मान आणखी बोटभर खाली आली.

यातला एक तोटा कुणाच्या लक्षात येत नाही. मान कललेली असली की समोरच्याला वाटतं, हा आपलं बोलणं लई मन लावून ऐकतोय. जो तो बद्रीनाथरावांना धरून आपली कर्मकहाणी सांगायला लागला. भाजी आणायला गेलेला माणूस दोन घरांची भांडणं ऐकून यायचा आणि कोथिंबीर विसरायचा.

गहिनीनाथरावांनी त्यांच्या सासूबाईंच्या मानेचं जुनं सामान आणून दिलं. एक कप्पी, एक दोरी, हनुवटीला लावायचा पट्टा आणि पाण्याची पिशवी. कप्पी आढ्याला टांगायची, दोरीच्या एका टोकाला पिशवी, दुसऱ्या टोकाला आपण. बद्रीनाथराव स्टूल घेऊन आले, तर सत्यभामाबाई स्टुलासमोर उभ्या राहिल्या.

"मपल्या घरात आढ्याला दोर बांधायचा न्हाई."

"अगं, इलाजाचा दोर आहे तो."

"कशाचा का आसंना."

त्यांच्या माहेरी काय झालं होतं ते गहिनीनाथरावांना ठाऊक होतं. आपल्या बीड जिल्ह्यात असं काही झालेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही. गहिनीनाथरावांनी सामान गोळा केलं आणि दोरी धोतरात लपवून घरी नेली.

त्यात नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यानं आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. हल्ली तो मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसून देतात. बाजारातल्या सेवा केंद्रावर तेजश्री नावाची मुलगी हे काम करायची.

"काका, सरळ बघा."

"सरळच बघतोय, बाई."

"डोकं सरळ करा ना."

"ते झालं असतं तर इथं कशाला बसलो असतो? घरी नसतो का बसलो?"

मोबाईलनं चेहरा ओळखायला साफ नकार दिला. तेजश्रीनं मोबाईल तिरका धरून पाहिला, सोबत आलेल्या वत्सलाबाईंनी मागून डोकं धरून पाहिलं, तेव्हा मोबाईलनं वत्सलाबाईंचा चेहरा पकडला. तीन हेलपाटे झाले. "मान बरी झाली की या," असं सांगून तेजश्रीनं हात जोडले. सारी नोकरी गाड्या वेळेवर सोडलेला माणूस सरकारदरबारी हयात नाही म्हणजे काय? बद्रीनाथराव इतके दुखावले की दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

बंकटला मात्र हे ऐकून इतकं हसू आलं की भिवराबाईंना त्याची पाठ चोळावी लागली. "आरं, मी मरायला टेकलो तरी मपला दाखला झाला, आन् तू हिंडता-फिरता मेलास व्हय? लाव रे आदिनाथ, काकाच्या फोटोला हार लाव!" हसता हसता तो कळवळला. त्याचा हात खाटेच्या कडेवर आवळलेला होता.

शेवटी बद्रीनाथराव शहाण्या माणसासारखे जिथं पहिल्याच दिवशी जायला हवं होतं तिथं गेले. खत-बियाण्याच्या दुकानावरच्या माडीत डॉक्टर मोहिनी या तरुण बाईंचं फिजिओथेरपीचं सेंटर होतं. त्यांनी मानेचा एक्स-रे बघितला आणि ट्रॅक्शन सांगितलं. म्हणजे टेबलावर आडवं पडायचं, हनुवटीखालून आणि डोक्यामागून पट्टा बांधायचा, तो मशीनला जोडायचा. मशीन मान हळूच ओढतं, जरा धरून ठेवतं, सोडतं, परत ओढतं. दबलेल्या शिरेला मोकळी जागा मिळते.

"बोलायचं नाही काका. हनुवटी बांधलेली असते. दुखलं तर फक्त हात वर करा."

हात वर करायला सांगणं, तेही बद्रीनाथरावांना! पहिल्या दिवशी त्यांनी हात वर केला, मोहिनी धावत आली, मशीन बंद केलं, पट्टा सोडला, "काय झालं काका?" तर काका म्हणाले, "ती आता हॉर्न वाजवून गेली ती लातूर गाडी. अर्धा तास लेट आहे." दुसऱ्या दिवशी पंखा करकरत होता म्हणून. तिसऱ्या दिवशी पाल. मोहिनीनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "काका, दुखलं तरच हात. नाहीतर खरंच दुखेल तेव्हा मी येणार नाही."

सोबतीला येणाऱ्या गहिनीनाथरावांची मात्र चंगळ झाली. असा श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता. माणूस बांधलेला, तोंड बंद, उठून जायची सोय नाही. त्यांनी तलाठी म्हणून केलेल्या पंचनाम्यांची हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली. एकदा लाईट गेली, मोहिनी खाली जनरेटरचं बघायला गेली, आणि त्या अंधारात त्यांनी सबंध एक दुष्काळ सांगून संपवला. बद्रीनाथरावांनी हात वर केला, पण अंधारात तो कुणाला दिसणार?

काहीही म्हणा, मान वर यायला लागली. आधी कानाखाली बोट जाईना ते जायला लागलं, मग दोन बोटं. वडगावला गेलं की बंकट पहिल्यांदा मान बघायचा. "आज जरा उजेड दिसतोय खांद्यावर," म्हणायचा. आणि इकडे त्याच्या पोटात पातळ कांजीसुद्धा ठरेना. गावातले डॉक्टर आदिनाथला बाजूला घेऊन म्हणाले, "हे कशावर टिकून आहेत तेच कळत नाही." भिवराबाईंना कळत होतं.

याच दिवसांत सत्यभामाबाई नारायणगडावर जाऊन नवऱ्याच्या मानेसाठी नवस बोलून आल्या. तिथंच त्यांना भिवराबाई भेटल्या. त्या नवस बोलायला आल्या होत्या की बद्रीभावजींची मान इतक्यात बरी होऊ देऊ नको. दोघींनी एकमेकींना काय मागितलं ते सांगितलं, मग पायरीवर बसून एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि एकाच जीपनं परत आल्या. देवानं अशा वेळी काय करावं, ते देवालाच माहीत.

घरी येऊन सत्यभामाबाईंनी हे सांगितलं, आणि बद्रीनाथराव आरशासमोर जाऊन उभे राहिले. मान सरळ होती. पार सरळ, नोकरीला लागले तेव्हाच्या फोटोत होती तशी. सकाळपासूनच ती तशी होती. त्यांनीच आरशात बघायचं टाळलं होतं. मोहिनीनं तर "झालं काका, आता यायची गरज नाही" म्हणून पेढेही मागितले होते. दुसरा कुणी असता तर गल्लीत मिरवला असता. बद्रीनाथराव बाजारात गेले आणि गळ्यात घालायचा जाडजूड पट्टा विकत घेऊन आले. मान दुखत होती तेव्हा "शोभतं का ते कुत्र्यासारखं" म्हणून ज्याला नाही म्हणाले होते, तोच पट्टा.

तेव्हापासून वडगावच्या वेशीवर जीपमधून उतरलं की पट्टा गळ्यात, मान डावीकडे. बंकट विचारायचा, "कुठवर आली बे?" हे म्हणायचे, "मुरलेलं दुखणं आहे, वेळ लागणार म्हणते डॉक्टरीण." खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे कधी कधी मान चुकून उजवीकडे कलायची. बंकट डोळे मिटून घ्यायचा. त्याला कळलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

एके दिवशी भिवराबाईंनी त्यांना ओसरीवरच थांबवलं. त्यांच्या डोळ्याखाली काळं पडलं होतं.

"भावजी, मी गडावर मागितलेलं माघारी घेतलं. लई तकलीफ हाय त्यान्ला. रातच्याला तोंडात चादरीचा बोळा धरत्यात, आम्हाला आवाज जाऊ नये म्हणून." त्या खाली बघत होत्या. "तुमची मान... बरी होत आली आसंल तर सांगून टाका त्यान्ला."

"वैनी, मला न्हाई जमायचं," बद्रीनाथराव म्हणाले, आणि लहान मुलासारखे पट्टा घट्ट आवळून आत गेले.

आत खाटेवर बंकट नव्हताच जणू, नुसती चादर होती. बद्रीनाथराव शेजारी बसले. आदिनाथनं चहा आणून दिला. आवळलेल्या पट्ट्याखाली थंडीतही घाम, चहा पिता येईना, म्हणून त्यांनी पट्टा जरा सैल केला. बंकट हळूहळू जुन्या गाड्यांचं काहीतरी बोलत होता. कुठल्याशा गाडीला चढावर दुसऱ्या गिअरमध्ये खोकला यायचा म्हणे.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

बद्रीनाथरावांची मान वळली. सारी नोकरी वळली तशी, झटकन, खांद्यापलीकडे, पट्टा गळून मांडीवर पडला तरी त्यांना भान नव्हतं. धारूर गाडी होती. वेळेवर होती. बरं वाटून ते माघारी वळले, तर बंकट त्यांच्याकडेच बघत होता.

"फिरली की बे."

बद्रीनाथरावांनी पट्टा उचलला, परत ठेवला.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

बंकट जरासा हसला. हसायला त्याला आता लई मेहनत पडत होती. "मंग? कर हात."

"न्हाई."

"लई दमलो, बद्री."

"अजून टाइम झाला न्हाई गाडीचा."

"कंट्रोलर आसून खोटा टाइम सांगायलास व्हय," बंकट म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. बद्रीनाथरावांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला, म्हणजे आपला हात चुकूनसुद्धा वर जायला नको. शेवटची जीप निघून गेली तरी ते तसेच बसून होते.

दोन दिवसांनी सकाळी आदिनाथचा फोन आला. बंकट गेला होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा परवानगी न घेता गाडी काढली होती.

तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा आदिनाथ विस्तवाचं गाडगं घेऊन पुढं उभा राहिला. बद्रीनाथराव उजव्या बाजूला पुढं येऊन उभे राहिले, खांद्यावर टॉवेलाची घडी. "काका, तुमचं आताच दुखणं झालंय," असं कुणी म्हणालं, त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं की तो मागं सरला. पंचाईत निराळीच झाली. डाव्या बाजूचा तानाजी ताडमाड उंच, आणि बद्रीनाथराव पहिल्यापासून बेताचे. बांबू खांद्यावर घेतला तर तिरडी उजवीकडे झुकायला लागली. "उभ्या जिंदगीत मी गाडी कलंडू दिली न्हाई," बंकट म्हणाला होता. बद्रीनाथरावांनी टाचा उचलल्या.

वडगावातून स्मशानापर्यंतचा सारा रस्ता तो माणूस चवड्यांवर चालला. बघणाऱ्यांतल्या दोघा-चौघांना हसू आलं असेल. बंकट बघत असता तर त्यालाही आलं असतं. विसाव्याला तिरडी टेकवली, खांदे बदलायची वेळ आली, रामेश्वर नावाचा बंकटचा मेव्हणा पुढं झाला, पण बद्रीनाथरावांनी जागा सोडली नाही. परत टाचा वर. बंकटमध्ये वजन म्हणून राहिलंच नव्हतं. तिरडी शेवटपर्यंत सरळ गेली, गाडगं धरलेल्या पोराच्या मागोमाग, जराही न कलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान डावीकडे पडलेली होती. पहिल्यापेक्षा जास्त.

मोहिनीनं कपाळाला हात लावला. "काका, चांगली बरी झाली होती हो! काय जड उचललंत?"

"जड न्हाई, बाई. अगदीच हलकं होतं."

तिनं त्यांना टेबलावर झोपवलं, पट्टा हनुवटीखालून घेतला, डोक्यामागून घेतला, आवळला. गहिनीनाथराव कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, आज त्यांनी एकही पंचनामा काढला नाही. खाली स्टँडकडून हॉर्न ऐकू आला. मान बांधलेली होती, वळली नाही. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत उतरायला लागलं.

बद्रीनाथरावांनी हात वर केला.

मोहिनी धावत आली. "दुखतंय काका? कुठं दुखतंय?" मग तिनं मशीनकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो काका... मी मशीन अजून चालूच केलं नाही."

बद्रीनाथरावांनी हात खाली घेतला नाही.